नव्या आराखड्यात दिवाण कुठे आहे?

पत्राचा सारांश:

डोंबिवलीत राहणाऱ्या एका भगिनी लिहितात, ‘‘आमची इमारत 1996 सालची आहे आणि आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचा. हॉल पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. मुलाचे लग्न ठरण्याच्या बेतात असून दिवाळीनंतर मुलीकडची मंडळी प्रथमच आमच्या घरी येणार आहेत. हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीला दर पावसाळ्यात ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात. सोफा माझ्या सासऱ्यांनी चिपळूणला करून घेतलेला, सागवानी, पण त्याच्या गाद्या पार बसल्या आहेत. शोकेस जुनाट दिसते. शेजाऱ्यांचा हॉल ज्या कंत्राटदाराने केला, त्याने आमच्यासाठी 3,70,000 रुपयांचा आकडा दिला आहे. त्यात फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, ओल्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनेल आणि एल आकाराचा सोफा येतो. जुना सोफा तो 4,000 रुपयांना घेऊन जाईल. माझ्याजवळ साठवलेले 70,000 रुपये आहेत. उरलेल्या तीन लाखांसाठी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी मिळते, ते काढू या, असे मुलगा म्हणतो. यजमानांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. ते म्हणतात, नुसता रंग काढा आणि गप्प बसा. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, त्यांचे काही म्हणणे नाही. कर्ज काढावे, की आहे तसाच हॉल दाखवून लाज पत्करावी?’’

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबलो. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, हे तुम्ही शेवटी जाता जाता सांगितले आहे. कंत्राटदाराच्या आराखड्यात एल आकाराचा सोफा आहे, टीव्ही युनिट आहे, छतात लपवलेले दिवे आहेत. दिवाणाचा मात्र उल्लेख नाही. दहा फूट रुंदीच्या खोलीत एल आकाराचा सोफा बसवल्यावर दिवाणाला जागा उरणे कठीण आहे. मग सासूबाईंनी रात्री कुठे झोपायचे? सोफ्याच्या लांब बाजूवर, असे उत्तर कोणी दिले, तर त्या सोफ्याची बैठक किती खोल आणि किती मऊ आहे, हे आधी पाहावे लागेल. मऊ, खोल बैठकीतून उठताना गुडघ्यांवर जो ताण येतो, तो तरुण माणसांच्या लक्षातही येत नाही. ‘त्यांचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य आपल्याकडे बहुधा त्यांना कोणी विचारलेले नाही, याच अर्थाने वापरले जाते. तुमच्या घरात तसे नसेल, तर मला क्षमा करा.

तुमचा प्रश्न कर्जाचा आहे, पण त्याच्याखाली एक गृहीतक आहे: हॉल ही पाहुण्यांची खोली आहे. पूर्वीच्या वाड्यातल्या दिवाणखान्याबद्दल हे काही अंशी खरे असेल. तेथे घरच्यांसाठी माजघर वेगळे होते. तुमच्या हॉलमध्ये मात्र ओसरी, माजघर आणि एका वृद्ध स्त्रीची शेज, हे तिन्ही दीडशे चौरस फुटांत एकत्र नांदत आहेत. पाहुणे तेथे वर्षातून फार तर पंधरा-वीस वेळा येत असतील. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी एका साध्या दिवसाची नोंद करा: सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत या खोलीत कोण, कुठे, काय करत बसते, उजेड कुठे कमी पडतो, चालताना कशाला ठेच लागते, चार्जरची वायर कुठून कुठे जाते आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायची दोरी कुठल्या खिळ्याला बांधली जाते. अशी दोन-तीन दिवसांची नोंद हाती आली, की खोलीत खरोखर बिघडलेले काय आणि केवळ जुने झालेले काय, हे वेगळे दिसू लागते. तुमच्या पत्रावरून मला बिघडलेल्या दोनच गोष्टी दिसतात, एक भिंत आणि दुसऱ्या गाद्या. बाकीचे जुने आहे.

कर्जाचे आधी संपवू, कारण तो हिशेब सरळ आहे. तीन लाख रुपये, 14 टक्के, छत्तीस महिने, म्हणजे दरमहा साधारण 10,250 रुपयांचा हप्ता आणि एकूण परतफेड 3,69,000 रुपयांच्या आसपास. निव्वळ व्याज 69,000 रुपये होते. प्रक्रिया शुल्क असेल, तर ते वेगळे. तुम्ही साठवलेली सगळी रक्कम नुसत्या व्याजाएवढी आहे, हे लक्षात घ्या. शिवाय शेवटचा हप्ता नेमका यजमान निवृत्त होतील त्या सुमारास येतो आणि मधल्या काळात एक लग्न उभे आहे. घरात येणाऱ्या सुनेचे स्वागत नव्या सोफ्याने करून त्याचा हप्ता तिच्या संसाराच्या पहिल्या तीन वर्षांवर टाकणे मला पटत नाही. मुलाची इच्छा चांगली आहे. त्याला हा आकडा कागदावर लिहून दाखवा, वाद घालण्याची गरज पडणार नाही. यजमानांचे ‘नुसता रंग काढा’ हेही मात्र मी तसेच्या तसे मान्य करणार नाही. ओल्या भिंतीवर काढलेला रंग म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. ही चूक मी स्वतःच्या घरात केलेली आहे. सप्टेंबरात हौसेने लिंबोणी रंग काढला आणि पुढच्या जूनमध्ये त्याचे पापुद्रे झाडूने गोळा केले.

तेव्हा भिंतीपासून सुरुवात करा. ओल बाहेरून झिरपते आहे, की खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर जमते आहे, हे आधी ठरवावे लागेल. त्यासाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल फूटभर लांब-रुंद कापून, भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करून, चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी काढून पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील, तर दोष हवेतल्या दमटपणाचा आहे आणि त्यात हॉलमधल्या कपड्यांच्या दोरीचा वाटा मोठा असू शकतो. पश्चिमेची भिंत, दर पावसाळ्यात तीच जागा, हे पाहता मला पहिली शक्यता अधिक वाटते. बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या भेगा, खिडकीच्या छज्जाचा उलटा उतार, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा जवळून जाणारा सांडपाण्याचा पाइप, यांपैकी काहीतरी निघेल.

येथे एक गोष्ट पुष्कळ सभासदांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने होणारी गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमधून होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे आणि तो खर्च संस्थेने करायचा असतो; घरातल्या मोरीची, संडासाची किंवा सिंकची गळती मात्र ज्याची त्याने पाहायची. त्यामुळे आजच सचिवांना लेखी अर्ज द्या, सोबत ओलीची छायाचित्रे तारखेसह जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कार्यकारिणी तत्परतेने कामाला लागेल, असे वचन मी देऊ शकत नाही, पण तोंडी सांगितलेली ओल पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही. बाहेरून दुरुस्ती होईपर्यंत आतून केलेला कोणताही उपाय तात्पुरता ठरेल. कंत्राटदाराने सुचवलेले पीव्हीसीचे पॅनेल तर उपायच नव्हे. पॅनेलमागे भिंत ओलीच राहील, बुरशी धरेल, लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार, गिलावा खात राहील आणि तुम्हाला ते दिसणारही नाही. जेथे रात्री एक वृद्ध व्यक्ती झोपते, त्या खोलीत बुरशी झाकून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

दिवाळीपर्यंत काय करता येईल? तुमचे पत्र ऑगस्टच्या मध्यावर आले आहे. पाऊस ओसरल्यावर खराब झालेला गिलावा विटेपर्यंत काढून नवा करावा लागला, तर तो नीट सुकायला तीन ते चार आठवडे द्यावे लागतात आणि त्याआधी वर पुट्टी किंवा रंग चढवणे योग्य नव्हे. हे सगळे मुहूर्ताआधी जमेलच, असे नाही. जमले नाही, तर ती एक भिंत यंदा खरवडून, साफ करून, केवळ साध्या पांढऱ्या रंगाचा हात मारून ठेवा आणि उरलेल्या तीन भिंती व छत पूर्ण करा. शक्य असेल, तर त्या भिंतीला टेकून काहीच ठेवू नका. विशेषतः दिवाण, आज तो तेथे असेल, तर आजच हलवा.

रंगाचे माप स्वतः काढायला शिका, कारण रंगारी चौरस फुटांवर पैसे घेतो आणि चौरस फूट फार लवचिक असतात. तुमच्या खोलीचा घेर पन्नास फूट आहे. उंची नऊ फूट धरली, तर भिंती साडेचारशे चौरस फूट होतात. दारे-खिडक्यांचे नव्वद वजा केले, तर तीनशे साठ उरतात आणि छताचे दीडशे मिळवले, की पाचशे दहा. कोणी सातशे सांगितले, तर टेप काढून त्याच्यासमोर मोजा. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांसाठी साधारण पन्नास ते साठ चौरस फुटांना पुरतो. म्हणजे तुम्हाला नऊ-दहा लिटर रंग लागेल, त्यातला सुमारे एक तृतीयांश छताचा पांढरा. मजुरीवर काम देऊन रंग स्वतः आणलात, तर थोडे धावावे लागते, पण डब्यात काय आहे, हे तुम्हाला कळते. दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्यांचे भाव चढतात आणि माणसे मिळत नाहीत, म्हणून बोलणी गणपतीच्या आधीच करून ठेवा. रंग कोणता, हे मी सांगणार नाही. सागवानाचा तपकिरी रंग खोलीत राहणार आहे, त्याच्याशेजारी फिकट छटा खुलतात, एवढेच म्हणेन. आणि दुकानातल्या छोट्या कार्डावर पाहून निर्णय घेऊ नका, दोन फुटांचा चौकोन भिंतीवर रंगवून सकाळी आणि रात्री पाहा.

आता सोफ्याकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली ती 4,000 रुपयांची ओळ मला सर्वांत जास्त खुपली. जो माणूस तुमचा सागवानी सोफा चार हजारांना नेणार आहे, तो ते लाकूड जाळणार नाही. तसा जुना, मुरलेला साग आज नवा विकत घ्यायला जाल, तेव्हा त्याची किंमत कळेल. आणि बदल्यात मिळणाऱ्या नव्या सोफ्याच्या आत बहुधा हलके लाकूड आणि प्लायवूड असेल, जे कापडाखाली कधीच दिसत नाही. सोफा उलटा करून तपासा. खाली बारीक भुसा पडत असेल, तर कीड लागलेली असण्याची शक्यता आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी. सांधे हलत असतील, तर सुतार ते खोलून, सरस लावून, पुन्हा आवळून देतो. लाकूड धडधाकट निघाले, तर घासून पॉलिश करा. मेलामाइनचा थर टिकाऊ असतो, लाखेचे पॉलिश दिसायला अधिक मऊ पण पाण्याच्या पेल्याला जपावे लागणारे. मेलामाइनला उग्र वास असतो, तेव्हा ते काम बाहेर पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर करवून घ्या आणि वास जाईपर्यंत ते दिवस सासूबाईंना आतल्या खोलीत झोपू द्या. आधी पायाच्या आतल्या बाजूला नमुना काढून दाखवायला सांगा. पॉलिशवाल्यांना लाल छटेचे का प्रेम असते, हे मला आजवर उमगलेले नाही.

गाद्यांसाठी फोम घेताना ‘चांगला फोम’ एवढ्यावर समाधान मानू नका, घनता विचारा. बैठकीसाठी 40 घनतेचा आणि पाठीसाठी 32 घनतेचा फोम घेतला, तर तो लवकर बसत नाही. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. तीन अधिक एक अधिक एक अशा पाच बैठका आणि पाच पाठी असतील, तर चोपन्न इंच पन्ह्याचे आठ ते दहा मीटर कापड लागेल. अभ्रे चेन लावून शिवून घ्या, म्हणजे घरी धुता येतील. मखमलीसारखे कापड दुकानात सुंदर दिसते, पण डोंबिवलीच्या उन्हाळ्यात त्यावर बसवत नाही. जाड सुती कापड घ्या. दिवाणावर सोलापुरी चादर आणि दोन तक्क्यांना खणाचे अभ्रे, एवढ्याने खोलीला जो चेहरा येतो, तो कोणत्याही कॅटलॉगमधल्या आयत्या पॅकेजने येत नाही, हे माझे वैयक्तिक मत.

फॉल्स सीलिंगला माझा तत्त्वतः विरोध नाही, पण तुमच्या छतासाठी मी ते सुचवणार नाही. नऊ फुटांतून अर्धा फूट सीलिंग खाईल, त्याखाली पंखा फूटभर लोंबेल, म्हणजे पंख्याची पाती जमिनीपासून साडेसात फुटांवर येतील आणि खोली ठेंगणी वाटू लागेल. पुढे वरच्या मजल्यावरून कधी गळती झाली, तर तीही फुगवटा येईपर्यंत दिसणार नाही. शेजाऱ्यांना तेथे हवा असलेला परिणाम बहुतांशी दिव्यांचा आहे आणि तो सीलिंगशिवायही साधतो. एका भिंतीवरची एकच ट्यूब सगळ्या खोलीला सपाट, दवाखान्यासारखा उजेड देते. तिच्या जागी मुख्य दिवा 4000 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर), सोफ्याच्या कोपऱ्यात 3000 केल्विनचा पिवळसर दिवा आणि दिवाणाच्या उशाशी वाचायला वेगळा दिवा, असे तीन ठिकाणी उजेड वाटा. प्रत्येकाचे बटण वेगळे हवे आणि वाचायच्या दिव्याचे बटण झोपलेल्या माणसाच्या हाताशी हवे. वय वाढते, तसा डोळ्यांना अधिक उजेड लागतो. सासूबाई पोथी वाचत असतील, तर हा दिवा त्यांच्यासाठी नव्या सोफ्यापेक्षा मोलाचा आहे. वायरमन आलाच आहे, तर 1996 च्या वायरिंगचे अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारे बटण, नसेल, तर बसवून घ्या. पंखाही जुना असेल, तर सुमारे 75 वॅटचा साधा पंखा काढून 30-35 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा लावता येईल. रोज बारा तास चालला, तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट वाचतात.

शोकेसबद्दल थोडक्यात. तिच्यातल्या ढाली, बाहुल्या, कधीच न वापरलेले कपबशांचे संच आणि बँकेच्या डायऱ्या एकदा पूर्ण बाहेर काढा आणि पंधरा दिवस बाहेरच ठेवा. ज्या वस्तूची आठवण झाली, ती परत ठेवा. उरलेले द्यायचे त्याला द्या, रद्दीवाल्याला घाला, पण माळ्यावर ढकलू नका. अर्धी रिकामी शोकेस पॉलिश होऊन उभी राहिली, की टीव्ही युनिटचा विषयच निघणार नाही.

70,000 रुपयांची वाटणी मी तुमच्या जागी अशी केली असती: पहिले 10,000 वेगळ्या पाकिटात, कारण जुने घर उकरले, की काहीतरी निघतेच. भिंती आणि रंग यांसाठी 22,000 ची मर्यादा, विजेच्या कामाला 8,000, सोफ्याचे सांधे, पॉलिश व गाद्या मिळून 18,000, पडद्यांना 7,000 आणि चादर, अभ्रे, एखादी कुंडी यांसाठी उरलेले 5,000. कोणत्याही कामाचा भाव या मर्यादेबाहेर गेला, तर कर्ज काढण्याऐवजी ते काम पुढच्या वर्षावर टाका. पंखा मी या हिशेबात धरलेला नाही. पाकीट शिल्लक राहिले, तर घ्या. क्रम मात्र बदलू नका: आधी भिंतीची दुरुस्ती, मग वीज, मग पुट्टी आणि प्रायमर, त्याच सुमारास बाहेर सोफ्याची घासाई, मग रंगाचे दोन हात आणि सर्वांत शेवटी कापड. वायरमनने रंग झाल्यावर भिंत खोदलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीवर न लावता छतापासून थोड्याच अंतरावर आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट अधिक लांब लावा; कापड खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट हवे, म्हणजे चुण्या नीट पडतात.

ज्या वाचकांची घरे भाड्याची आहेत, त्यांनी यातले दिवे, पडदे आणि गाद्या एवढेच उचलावे, कारण घर बदलताना ते बरोबर नेता येते. मालकाच्या भिंतीची ओल मालकाला लेखी कळवावी. आणि ज्यांनी कंत्राटदाराकडूनच काम करून घ्यायचे ठरवले आहे, त्यांनी एकगठ्ठा आकडा स्वीकारू नये. प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी, प्लायवूडची जाडी, त्यावरचा भारतीय मानकाचा आयएस 303 किंवा पाणी सोसणाऱ्या प्लायवूडसाठी आयएस 710 हा शिक्का आणि सनमायक्याची जाडी हे सारे लिहून घ्यावे व पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. ताई, तुम्हीही शेजाऱ्यांच्या कंत्राटदाराला असा तपशील मागून पाहा. काम द्यायचे नसले, तरी 3,70,000 मधले नेमके काय कशाचे आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

राहिली मुलीकडची मंडळी. आठ-दहा माणसे येणार असतील, तर सोफ्यावर पाच, दिवाणावर तीन आणि शेजारून आणलेल्या दोन खुर्च्या, एवढ्यात बैठक पार पडते. त्यांच्यातही कोणी वयस्कर असेलच, त्यांना जमिनीवर बसायला लावू नका. लाज पत्करावी का, असे तुम्ही विचारले आहे. मुलगी ज्या घरात येणार, ते घर कर्ज न काढता नीटनेटके ठेवलेले आहे आणि तेथे आजीची जागा हॉलमध्ये मानाने राखलेली आहे, हे पाहून कोणाला कमीपणा वाटत असेल, तर ते आताच कळलेले बरे.

आता कागद आणि टेप घेऊन खोलीचा नकाशा काढा आणि त्यात सर्वांत आधी दिवाण मांडा, कोरड्या भिंतीशी, मोरीकडे जाणाऱ्या वाटेला लागून. ती वाट अडीच-तीन फूट मोकळी राहू द्या, तिच्यात सरकणारी सतरंजी नको आणि रात्रीचा एक लहान दिवा हवा. दिवाणाची उंची गादीसकट अठरा इंचांच्या आसपास आहे का, ते मोजा. आणि नकाशा पुरा होण्याआधी सासूबाईंना विचारा, की रात्री उठताना त्यांना कोणत्या हाताला आधार लागतो.